पाण्याकडे पाठ केलेलं घर

धरणाच्या काठावर माझं घर आहे. धरण भरलेलं असताना घरामागे उभं राहून खडा फेकला, तर तो पाण्यात पडल्याचा आवाज येतो. इतकं जवळ. आणि तरीही माझ्या बैठकीत बसून पाण्याचा थेंब दिसत नाही. पाहुणे येतात, सोफ्यावर बसतात, माना वळवून वळवून पाहतात आणि शेवटी विचारतात, "धरण कोनत्या बाजूले हाये?" मी भिंतीकडे बोट दाखवते. ते भिंतीकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात आणि चहा पितात.

ती भिंत ज्यांनी उभी केली त्यांच्याविषयी लिहायचं आहे. सगळं चांगलंच लिहीन असं समजू नका.

मी त्यांना इंजिनियर साहेब म्हणायची. ते इंजिनियर नव्हते, आर्किटेक्ट होते, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी तसं स्पष्ट केलंही होतं. पण आमच्या मोताळ्यात घराचा नकाशा काढणारा प्रत्येक माणूस इंजिनियर. ते मला भाभी म्हणायचे. त्यात आदर होता, पण माघार नव्हती. समोरच्याला पूर्ण आदर देऊन त्याचं काहीही न ऐकणारे लोक असतात, त्यांपैकी ते एक.

त्यांची एक जुनी पांढरी गाडी होती आणि गाडीच्या टपावर दाराची सागवानी चौकट बांधलेली असायची. दार नाही, नुसती चौकट. बाराही महिने. आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी रस्त्यावर आली की भाजीवाले आपापल्या ताडपत्र्या वर उचलून धरत, नाहीतर चौकटीचा कोपरा त्यात अडकायचा. माझी त्यांची ओळखही तशीच झाली. माझ्या दुकानापुढे टांगलेला एक गाऊन त्या चौकटीत अडकला आणि गाडीबरोबर निघाला. मी ओरडत मागे धावले. ते उतरले, गाऊन सोडवला, झटकला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. घडी चांगली होती. कापडाच्या धंद्यातल्या बाईला ते आधी दिसतं. मग रागाच्या भरातही माझं लक्ष चौकटीकडे गेलं. जुना साग, एक गाठ नाही.

"केवढ्याले देता?" मी विचारलं.

"गाऊन तुमचाच हाये, भाभी."

"चौकट म्हनते मी."

"हे इकाची नाई. ह्यातून पाहाची हाये."

मी भाव करायला तोंड उघडेपर्यंत ते गाडीत बसून निघूनही गेले होते. भाव न सांगता निघून जाणारा माणूस माझ्या डोक्यात बसतो. मी डोक्यावर गाठोडं घेऊन बाजार फिरलेली बाई आहे. खाटेवर गाऊन आणि परकर मांडून सुरुवात केली आणि त्याच बाजारात पक्कं दुकान केलं. मला आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसाने काही ना काही भाव सांगितलेला आहे.

चौकट त्यांच्या वडिलांच्या हातची होती. वडनेर भोलजीला त्यांच्या घराण्याचं सुतारकाम चालायचं. ही चौकट कोणा गिऱ्हाईकाने करायला सांगितली आणि नेली नाही, तशी ती घरी राहिली. पोरगा शिकला, आर्किटेक्ट झाला, आणि वडील गेल्यावर वाटणीत त्याने चौकट मागून घेतली. कुणाच्या रिकाम्या जागेवर गेले की ते आधी ती उतरवत, मालकालाच एक बाजू धरायला लावत आणि वावरात मधोमध उभी करत. मग एकदा इकडून तिकडे जायचे, एकदा तिकडून इकडे यायचे. चौकट फिरवायची, पुन्हा जायचं. कधी उंबऱ्यावर बसायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला घरात जायचं आहे पण घर सापडत नाही.

दुसरी सवय बिडीची. ते बिडी ओढत नसत. खिशात बंडल असायचं, बिडी पेटवायचे आणि नुसती हातात धरून धूर कुणीकडे जातो ते पाहायचे. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या स्वयंपाकघरात, एकदा तर म्हणे एका मंगल कार्यालयात ऐन लग्नात. तिथून त्यांना बाहेर काढलं होतं. "वारा कुठून येते हे माहीत असल्याशिवाय जेवनावळ बसवली तुम्ही, मंग भाताले धुराचा वास येते म्हनता," असं ते नवरीच्या बापाला सांगून आले.

बरीच वर्षं ते कोकणात होते. समुद्राच्या काठावर पैसेवाल्यांचे बंगले काढायचे. तिथून ते परत का आले, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, शेवटचा बंगला पूर्ण काचेचा केला होता. मालकाने तसाच मागितला. समुद्राकडे सगळी काच. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा उजेड डोळ्यांत असा घुसायचा की मालकाने पहिल्याच वर्षी जाड पडदे लावले. पुढे कधीही गेले तरी पडदे ओढलेले आणि आत दिवे लागलेले. "तिकडल्या लोकाईले आपलं घर समुद्राले दाखवाचं असते भाभी," ते म्हणाले. "समुद्र पाहाचा नसते."

मला तेव्हा हे बोलणं फार आवडलं. ते माझ्यावर उलटणार आहे हे कुठे माहीत होतं.

आता माझं सांगते. माझे यजमान जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या गठाणी बांधायचे. जिनात धूर नसतो, पण तिथली बारीक फुप्फुसात जाणारी कापसाची फक्की धुरापेक्षा वाईट. माझं दुकान उभं राहीपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही, कारण तोवर घर त्यांच्यावरच चालत होतं. दुकान उभं राहिलं आणि त्यांची छाती बसली. पायऱ्या चढताना थांबायचे, मग चालताना थांबायचे, मग बोलताना थांबायला लागले. त्यांचं बोलणं हप्त्यांनी यायचं. "आज भाजी..." असं म्हणून थांबायचे, खोकायचे, भिंतीला हात लावायचे, आणि "खारट झाली" हे पुढच्या श्वासाबरोबर यायचं. पुढे पुढे त्यांनी दुसरा हप्ता सोडूनच दिला. अर्धं वाक्य बोलून गप्प बसायचे. एके काळी माझ्याशी तोंडाला तोंड देऊन भांडणारा माणूस. डॉक्टर म्हणाले, औषध चालू राहील, पण यांना धुळीतून बाहेर काढा. आमचं जुनं घर बाजाराच्या रस्त्यावर, समोर कापसाच्या गाड्या उभ्या राहणार.

म्हणून मी धरणावर जागा घेतली. दिवाळीनंतर आमच्याकडे भरताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगी निघतात, लोक तुराट्या पेटवून वावरात वांगी भाजतात, भरीत-पुरी खातात, आणि अशा पार्टीला धरणाचा काठ सगळ्यांना प्रिय. तिथेच मी ती जागा पाहिली. सरकारी हद्दीच्या दगडाच्या वरच्या अंगाला, पाणी अगदी पायाशी, निळंशार. यजमान पाण्याकडे तोंड करून बसले होते आणि तेवढा वेळ खोकले नव्हते. मी तिथल्या तिथे ठरवलं. जागेच्या मालकाला वाटाघाटीत मी घाम फोडला. ते वर्णन इथे करत नाही, पण तो माणूस अजून रस्ता बदलतो.

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "बिमार मानसाले काठावर नेऊन टाकून राह्यली. तिथं काही झालं त कोन धावन?" चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या. म्हणजे आता ते घर नुसतं बांधून चालणार नव्हतं. त्या घरात या माणसाला श्वास यायला हवा होता. नाही आला तर मी बायको म्हणूनही हरले आणि माणूसही गेला.

गावातल्या एका इंजिनियरकडून मी नकाशा काढूनही घेतला होता. पाण्याकडे मोठ्ठी खोली, जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेपाशी यजमानांचा पलंग. तो नकाशा घेऊन मी चौकटवाल्या साहेबांकडे गेले, कारण समुद्रावर बंगले बांधलेला माणूस आपल्या भागात दुसरा नाही. त्यांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"हे पानी कोनतं हाये?"

"धरणाचं."

"धरणाचं समजलं. कोनत्या महिन्यातलं?"

"दिवाळीतलं."

"मंग चैतात या," म्हणाले आणि नकाशा परत दिला.

मी चिडले. इकडे आजारी माणूस धुळीत खोकतो, आणि हे चैताची वाट पाहायला सांगतात. म्हटलं, मी दुसऱ्याकडून करून घेते. म्हणाले, "घ्या. पन पलंग हलका घ्या भाभी. उन्हाळ्यात सरकवाची पाळी येईन." आणि हसले नाहीत. हसले असते तर मी खरंच दुसऱ्याकडे गेले असते.

मला धरण उन्हाळ्यात आटतं हे माहीत नव्हतं असं नाही. मोताळ्यात कुणाला माहीत नाही? पण आम्ही धरण पाहतो ते भरताच्या दिवसांत. चैत्र-वैशाखात तिकडे कोण जातं? दर वर्षी पाणी आटतं, आणि दर वर्षी आम्ही पाहतो तेव्हा ते भरलेलं असतं. त्यामुळे डोळ्यांपुढे धरण म्हटलं की भरलेलंच येतं. ही चूक पाहुण्यांची नाही, आमचीच.

चैत्रात गेले तर पाणी नव्हतं. म्हणजे होतं, लांब, ताटात सांडलेल्या पाण्याएवढं. माझ्या जागेपासून तिथपर्यंत नुसता गाळ पसरलेला. खालच्या ओल्या गाळात लोकांनी गाळपेर केलेली, म्हणजे पाणी मागे सरकेल तशी उघडी पडणारी जमीन सरकारकडून घेऊन त्यात टरबुजं, काकड्या लावलेल्या. वरचा गाळ मात्र वाळून पापड झालेला. यजमान म्हणाले, "पानी कुठं..." आणि पुढचं बोलले नाहीत.

साहेब तिथे आमच्या आधी पोचले होते. "समुद्राले दिवसातून दोनदा भरती," ते म्हणाले, "आपल्या धरणाले सालातून एकदा. बाकी कायदा तोच. काठावर घर बांधाचं त भरतीत बी पाहा अन् ओहोटीत बी पाहा."

मग त्यांनी जे केलं ते आमच्या भागात पूर्वी कुणी केलं नसेल. ट्रॅक्टरभर पऱ्हाट्या आणवल्या. कापूस निघाल्यावर वावरात ज्या वाळक्या काड्या उरतात, त्या. गरीब लोक त्यांचे भिंतीसाठी कूड करतात, बाकीचे जाळतात. साहेबांनी त्या पऱ्हाट्यांचं माझं पूर्ण घर उभं केलं. खऱ्या मापाचं. बैठक, दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी. काडीच्या भिंती छातीएवढ्या उंच, जागोजागी दार-खिडकीची भोकं. चौकट एका भोकात लागली. छताच्या जागी ताडपत्री. ते त्या घरात फिरायचे आणि म्हणायचे, "इथं तुमचा गॅस. इथं तुमचं पानी. हातात गंज घ्या अन् या पाहू." मी रिकाम्या हातांनी पातेलं धरल्यासारखी चालत गेले. गाळपेरीतले लोक काम सोडून उभे राहिले होते.

त्यांनी सगळं यजमानांना विचारलं. कुठे बसायला आवडतं, कोणत्या कुशीवर झोपता, पायाला गार लागतं का. यजमान अर्ध्या अर्ध्या वाक्यात उत्तरं द्यायचे आणि साहेब दुसऱ्या अर्ध्याची शांतपणे वाट पाहायचे. मी मधेच उत्तर दिलं तर ते हात वर करायचे. पैसे माझे, जागा माझी, आणि बोलायची बंदी मला. आणि मला काम काय दिलं? एक बिडी पेटवून माझ्या हातात दिली आणि पश्चिमेच्या, म्हणजे पाण्याकडच्या खिडकीत उभं केलं. "भाभी, हालू नका. मी पलीकडून धूर पाहतो."

मी हालले नाही. एक विझली की दुसरी हातात. त्या दिवशी गाळपेरीतल्या सगळ्या लोकांनी मला बिडी हातात घेऊन उभं राहिलेलं पाहिलं. पुढच्या आठवडी बाजारात दुकानात आलेली प्रत्येक बाई माझ्या बोटांकडे पाहायची. जानेफळला माझं माहेर आहे. तिथून भावाचा फोन आला, "ताई, हे काय आयकून राह्यलो आम्ही?" आजही कुणाशी भांडण झालं की समोरचा शेवटी बिडीवर येतो. याचा हिशेब साहेबांनी कधीच दिला नाही.

पण हे सगळं होऊनही मी काचेच्या खोलीवर अडून होते. चार महिने का होईना, पाणी पायाशी असतं. त्या चार महिन्यांसाठी तर जागा घेतली. साहेब वाद घालत नव्हते. म्हणाले, "दुकानातून मांजरपाट आना. नवा, धुतलेला. खिडक्याइले लावाचा हाये."

"जुन्या चादरी देते की."

"जुन्या चादरीत जुनी धूळ असते."

कापडाच्या बाबतीत मला शिकवणारा माणूस. तरी मी ठाणातून फाडून दिला. वैशाखातली दुपार, लू चाललेली. त्यांनी मांजरपाटाचे तुकडे ओले केले आणि पऱ्हाटीच्या घराच्या पाण्याकडच्या खिडकीला एक आणि मागच्या, म्हणजे उगवतीच्या खिडकीला एक, असे ताणून बांधले. वाळले की पुन्हा पाणी मारायचे. आम्ही ताडपत्रीखाली बसून राहिलो. यजमान पश्चिमेकडच्या खोलीत, माझ्या नकाशातल्या त्यांच्या पलंगाच्या जागी, खाटेवर. वारा चढला तसा खालचा वाळलेला गाळ उठला. ढग नाही, वावटळ नाही. नुसतं आकाश मातकट झालं आणि लांबचं पाणी दिसेनासं झालं. यजमानांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. साहेबांनीच त्यांना धरून उगवतीच्या खोलीत नेलं आणि पाठीवर हात ठेवून बसले.

दुपार उतरल्यावर त्यांनी दोन्ही कापडं सोडली आणि माझ्या मांडीवर टाकली. उगवतीचं कापड मळकट होतं, ओल्या कापडावर बसायची तेवढी धूळ बसलेली. पश्चिमेचं चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. मी ते चिमटीत धरलं. आयुष्यभर मी कापड चिमटीत धरून पारखलेलं आहे. गाळ इतका बारीक होता की बोटांना खरखर लागत नव्हती. नुसतं गुळगुळीत लागत होतं, पावडर लागते तसं.

यजमानांनी हात लांब करून ते कापड घेतलं. पाहिलं. "हे त..." म्हणाले, आणि थांबले. साहेब वाट पाहत राहिले. मीही राहिले. "जिनातल्यावानी हाये."

मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. "साहेब, हे तुमाले पहिलेच माहीत होतं. मंग दिवाळीतच सांगाचं ना. एवढा मांजरपाट काऊन वाया घातला?"

"सांगतलं असतं भाभी," ते म्हणाले, "त तुम्ही भाव केला असता."

यावरची उत्तरं मला सुचेपर्यंत ते चौकट टपावर चढवत होते.

घर तसंच झालं. बुटकं, काळ्या दगडाचं, वर कवेलूचं छप्पर. पाण्याकडे ती जाड, बिनखिडकीची भिंत, वर छताखाली हवेला तेवढ्या फटी. सगळी दारं-खिडक्या उगवतीला, ओसरीला, मधल्या अंगणाला. यजमानांची खोली अंगणाच्या कडेला. लांबून पाहिलं तर घर दिसत नाही, उताराचाच एखादा खडक वाटतो. ट्रकवाला सामान घेऊन आला तेव्हा दोनदा पुढे निघून गेला होता. मी एवढं घर बांधलं आणि ते रस्त्यावरून कुणाला दिसत नाही, हेही माझ्या तक्रारीत धरा.

पश्चिमेला जुन्या बाभळींची रांग होती. काटेरी, वाकड्या. त्या तोडून मला तिथे भक्कम कंपाउंड हवं होतं. माणूस करवत घेऊन आला, तर साहेब बाभळीखाली डबा उघडून जेवत बसलेले. म्हणाले, "भिंत बांधली त वारा भिंतीवर चढते अन् धूळ घेऊन तुमच्या अंगणात उतरते. बाभळी वारा अडवत नाई, चाळते. पिठाच्या चाळनीवानी." माणूस म्हणाला, "मालकीनबाई म्हनतात तोडा." साहेब म्हणाले, "मालकीनबाईचं दुकान मोताळ्यात हाये. इथली मालकीन हेच," आणि बाभळीला पाठ टेकवून भाकरीचा तुकडा मोडला. करवतवाल्याला त्यांनी लोणचं दिलं. तो जेवून गेला, मजुरी माझ्याकडून घेऊन. बाभळी उभ्याच राहिल्या आणि त्या बाजूला कंपाउंड झालं नाही, म्हणून गाळपेरीत जाणारी पायवाट आजही माझ्या अंगणाच्या कडेने जाते.

खिडकीवर मात्र मी शेवटपर्यंत झुंजले. देवघर सोडते, माळा सोडते, पण पाण्याकडे एक मोठी खिडकी द्या. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "भिंतीले इचारतो." दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, "भिंत नाई म्हनते." असं महिनाभर चाललं. आमच्या बाजारात सगळ्यात चिवट गिऱ्हाईकही इतकं टिकत नाही. शेवटी स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या जागेवर, त्यांनी मला एक खिडकी दिली. तिला आतून पक्की झडप. तिच्यातून पाणी दिसतं, ब्लाउजपीसएवढं. नऊवारी लुगड्याची किंमत मोजून मी ब्लाउजपीस घरी आणलेली बाई आहे. दिवाळीत भांडी घासताना मी ते पाणी पाहते. चांगलं दिसतं. पण ब्लाउजपीसच.

वास्तूला ते आले नाहीत. ताट वाढून ठेवलं होतं. फोन केला तर म्हणाले, मुलीकडे चाललो कायमचा, सामान बांधतोय. घर पाहून घ्या म्हटलं. म्हणाले, "पऱ्हाटीचं पाह्यलं ना. तेच हाये." जाऊबाई मात्र आल्या. सगळीकडे फिरल्या, बिनखिडकीच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे त कोठार बांधलं." मी त्यांना जास्तीची पुरणपोळी वाढली, म्हणजे तोंड बंद राहील.

पावसाळा गेला, पाणी आलं, हिवाळा गेला, पाणी मागे गेलं. यजमान बरे होते, पण हिवाळ्यात ते जुन्या घरातही थोडे बरे असायचेच. खरी परीक्षा वैशाखाची. मी मनातल्या मनात त्या महिन्याला इतकी भ्यायले होते की दुकानात बसून आकाशाचा रंग पाहायची. मातकट झालं की दुकान कामाच्या पोरीवर टाकून गाडी काढायची.

त्या दिवशीही तशीच आले. लू चालली होती, बाभळींपलीकडे गाळ उठलेला, धरण गायब. ओसरीवर यजमान नव्हते. घाईघाईने मागे गेले, तर गाळपेरवाल्याची म्हैस. बाभळींमधून आत शिरलेली आणि आंघोळीच्या पाण्यावर मी लावलेल्या पालकात निवांत उभी. एक वाफा संपलेला. माझी भीती होती तिथल्या तिथे रागात बदलली आणि मी फोन काढून साहेबांना लावला. कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं.

"कंपाउंड नाई बांधू देलं तुम्ही. आता या इथं अन् म्हैस हाकला. तुमच्या बाभळीनं धूळ चाळली, म्हैस नाई चाळली. अन् त्या खिडकीचं बी मी..."

"भाभी," ते म्हणाले, "एक मिनिट. हे कोन बोलून राह्यलं?"

"मी बोलते. दुसरं कोन?"

"तुम्ही नाई. तुमच्या मांगं."

मी वळून पाहिलं. अंगणाच्या पायरीवर यजमान उभे होते. समोर गाळपेरवाला खाली मान घालून, आणि यजमान त्याला झापत होते. "तुले मांगच्या बुधवारी सांगतलं होतं का नाई, दुपारी म्हैस सोडत नको जाऊ बे, बाईनं इथं पालक लावला, तिले समजलं त ते तुले सोडून माह्यावर बसन, अन् तू हाव हाव करत गेला अन् आज पुन्हा तेच, अन् वरून म्हनतो म्हैस आयकत नाई, म्हैस आयकत नसन त तिले टरबुजाच्या वेलात सोड ना तुह्या, तिथं कशी बांधून ठेवतो..."

ते थांबत नव्हते. हात भिंतीला नव्हता. एक हात कमरेवर आणि दुसरा हवेत.

"हेच हायेत," मी फोनमध्ये म्हटलं.

"बरं," साहेब म्हणाले. "फोन ठेवू नका. बोलू द्या त्याइले."

मी फोन कानापासून काढून यजमानांच्या दिशेने धरला. तिकडे साहेब ऐकत होते, आणि इकडे माझा नवरा एका दमात भांडत होता. म्हैस पालकाच्या दुसऱ्या वाफ्यात गेली. मी तिला हाकललं नाही.